बोलिव्हियाचं मध्यंतर

बोलिव्हिया हा देश स्पेनच्या तावडीतून कसा सुटला, असं कुणी विचारलं तर मला आधी हसू येतं आणि मग राग. पुस्तकात लिहिलंय की पंधरा-सोळा वर्षं डोंगरदऱ्यांत लढाया झाल्या, माणसं मेली आणि शेवटी स्पेनवाले हरले. आमच्या गावात मात्र त्यांची बदली झाली होती, आणि तीसुद्धा अर्धवट राहिली.

मी तेव्हा नववीत होते. हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीत मोडायचो. शिरड शहापूरहून सिद्धेश्वरच्या कालव्याच्या अंगाला आत वळलं की आमचं गाव लागतं. अलीकडं शाळा, मारुतीचा पार आणि पाटलांचं घर, ओढा ओलांडला की आमची बौद्धांची वस्ती. आई पाटलांच्या शेतात रोजानं जायची. बोलायची कमी. तिच्या वाट्याचं मी बोलायचे, त्यामुळं वस्तीत माझ्या आवाजाची ख्याती होती.

सतरा सप्टेंबर हा मराठवाड्याचा मुक्तिदिन. बाकी महाराष्ट्राला स्वातंत्र्याचा झेंडा एकदाच, आम्हाला दोनदा, आणि बुंदीपण दोनदा. त्या दिवशी शाळेत रझाकारांचं नाटक व्हायचं आणि दर वर्षी त्यावरून भांडण व्हायचं. कारण गावातल्या प्रत्येकाचा आजा निजामाविरुद्ध लढलेला होता. निजामाच्या बाजूनं अख्ख्या पंचक्रोशीत एक माणूस नव्हता. मग निजामानं एवढी वर्षं राज्य कुणाच्या जोरावर केलं, हे नाटकात कधी कळायचं नाही. रझाकार व्हायला कुणी तयार नसायचं. आदल्या वर्षी शिंप्याच्या पोरानं ती भूमिका घेतली, तर प्रेक्षकांतला एक म्हातारा अंगात आल्यासारखा काठी घेऊन स्टेजवर चढला. पोराला औंढ्याला नेऊन टाके घालावे लागले. शिंप्यानं तिथून पुढं शाळेचे गणवेश शिवायचं बंद केलं आणि आम्ही वर्षभर आखूड झग्यांत फिरलो.

त्या उन्हाळ्यात शाळेला नवे हेडमास्तर आले, लातूरकडचे. शांत माणूस होता बिचारा आणि शांततेवर त्यांचा फार विश्वास होता. मागची हकीकत ऐकून ते म्हणाले, यंदा असा लढा घेऊ की ज्यात या गावातल्या कुणाचाही आजा नाही. परभणीच्या वाचनालयातून त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात स्पेनविरुद्ध लढलेले पुष्कळ देश होते. पेरूचा लढा त्यांना आवडला होता, पण नाव घेतल्याबरोबर वर्गात कुणीतरी तिखटमीठ मागितलं. चिलीचंही तेच झालं असतं. मग बोलिव्हिया ठरला. त्या नावाला हसण्यासारखं कुणाला काही सापडलं नाही.

त्या लढ्यात एक बाई होती. घोड्यावर बसून लढायची, फौज घेऊन स्पेनवाल्यांवर चालून जायची. ही भूमिका मास्तरांनी मला दिली. माझा आवाज कालव्यापर्यंत जातो, हे एकच कारण त्यांनी सांगितलं. ते नवे होते, त्यांना बाकीचं काही माहीत नव्हतं.

स्पॅनिश गव्हर्नर कोण होणार, यावर पारावर बैठक बसली. आमच्याकडं नाटक शाळेचं असलं तरी भूमिका गाव वाटतं. पाटलांनी, म्हणजे थोरल्या पाटलांनी, आधी चौकशी केली. त्या स्पेनवाल्याकडं जमीन किती होती? मास्तर म्हणाले, अख्खा देश. पाटलांनी विचारलं, बागायती का कोरडवाहू? मास्तरांना ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, डोंगरात चांदीची खाण होती. पाटलांनी मान डोलावली आणि गव्हर्नरची भूमिका आपल्या नातवाला घेतली. नातू माझ्याच वर्गात होता. पोरगं वाईट नव्हतं, फक्त कुठलंही उत्तर द्यायच्या आधी आजाच्या तोंडाकडं बघायचं. आजा वर्गात नसला तरी बघायचं.

मी घरी आईला सगळी गोष्ट सांगितली. खाणीत कामाला गावागावांतून माणसं धरून नेत, मजुरी नावालाच, किती जण परतच येत नसत, असं मास्तरांनी शिकवलं होतं. आई तुरी निवडत होती. हात थांबवून तिनं विचारलं, तिथं बी वेठ होती का? तिच्या बापानं निजामाच्या काळात वेठ केली होती. मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, मग नाटक नीट कर. आणि पुन्हा तुरी निवडायला लागली.

तयारी जोरात सुरू झाली. स्पॅनिश फौजेला पोशाख हवा होता. शिरडच्या लग्नाच्या बँडचे लाल कोट होते, सोनेरी फितीवाले, तेच ठरले. पण बँडवाल्याचा नियम होता की कोट एकटा बाहेर जात नाही, सोबत वाजवणारा जातो. त्यामुळं स्पेनच्या फौजेत पाच जण तुताऱ्या आणि ढोल घेऊन उभे राहणार होते, आणि ते सगळे चाळिशीच्या पुढचे होते. बोलिव्हियात लामा नावाचा जनावराचा प्रकार असतो, तो चांदी वाहतो, असं मास्तरांनी वाचलं होतं. लामा म्हणून वस्तीतल्या दोन शेळ्या आणल्या. पहिल्याच तालमीला त्यांनी कडुनिंबाच्या फांद्यांचं केलेलं सगळं जंगल खाल्लं. पुढची लढाई उघड्या माळावर झाली.

शेवट मास्तरांनी मनानं घातला होता. गव्हर्नर गुडघे टेकतो, दोन्ही हातांनी तलवार त्या बाईच्या हातात देतो आणि देश स्वतंत्र होतो. तलवार लाकडी होती, वर सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवलेली. मला ती फार आवडायची. मी रोज तालमीत वाट बघायचे की आज तरी शेवटापर्यंत पोचू, पण लामांमुळं कधी पोचलो नाही.

मग एके दिवशी पाटलांच्या नातवानं घरी ओसरीवर तालीम केली. गुडघे टेकले, हातात कालवणाची पळी धरली आणि मान खाली घातली. थोरल्या पाटलांनी विचारलं, हे कुणापुढं? पोरानं माझं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पारावर बैठक. मी ओढ्याच्या काठावरून ऐकत होते, आणि पारावर सगळे एवढ्या मोठ्यानं बोलत होते की काही चुकत नव्हतं. जातीचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्या गावात ते घेत नाहीत, पाळतात. एक जण म्हणाला, गुडघे टेकून लेकराच्या गुडघ्याला लागंल. दुसरा म्हणाला, धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होतं. मास्तर म्हणाले, तलवार लाकडी आहे आणि भांडण आधीच झालेलं आहे, सोळा वर्षं लढाई चालू आहे. तिसऱ्यानं सुचवलं की मग स्पेनच जिंकू द्या. मास्तर घाम पुसत म्हणाले, इतिहासात तसं नाही. तेव्हा पाटील शांतपणे म्हणाले, इतिहास तिकडचा आहे, पोरगं आमचं आहे.

शिंपी कडेला बसून तंबाखू मळत होता. गावावरचा त्याचा राग अजून गेला नव्हता. तो म्हणाला, "आपल्याकडं साहेब जातो कसा? बदलीनं जातो. करून टाका बदली."

तो टोमणा होता. पण पारावर सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. खरंच की. तहसीलदार बदलीनं गेले, फौजदार बदलीनं गेले, आधीचे हेडमास्तर बदलीनं गेले. गावानं आजवर कुणाला हरवून घालवलं नव्हतं. शाल आणि श्रीफळ देऊनच घालवलं होतं, मग तो कसाही असो.

मास्तरांनी रडवेल्या तोंडानं नाटक पुन्हा लिहिलं. सोळा वर्षांची लढाई झाली की स्पेनच्या राजाचा हुकूम येतो, गव्हर्नरसाहेबांची बदली झाली. मग निरोप समारंभ. फौजेच्या वतीनं हेडमास्तर स्वतः येऊन गव्हर्नरला शाल आणि नारळ देतात. गव्हर्नर आभार मानतो, या देशानं मला फार प्रेम दिलं, काही चुकलं असल्यास माफ करावं. मग कार्यभार सोडतो, म्हणजे तलवार टेबलावर ठेवतो. मग मी ती टेबलावरून उचलते आणि देश स्वतंत्र होतो. हात हाताला लागायचा प्रश्नच येत नाही.

मी घरी येऊन आदळआपट केली. भूमिका सोडते म्हणाले. आईनं विचारलं, नेमकं काय बदललं? मी सांगितलं. टेबलाचं तिनं मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पाटलांच्या घरी आईला काहीही हातात मिळत नसे. भाकरी वरून पदरात पडायची. मजुरी ओट्यावर ठेवलेली असायची. चहाचा कप, कान तुटलेला, वेगळा, ओट्याच्या कडेला ठेवायचे आणि आत वळायचे, मग तिनं तो उचलायचा आणि पिऊन धुऊन पालथा घालायचा. हे मी लहानपणापासून बघत आले होते. आईनं त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता, म्हणून मला वाटायचं तिला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "भूमिका सोडू नको. पण ठेवलेलं उचलू नको. मी लई उचललं."

मला रडू आलं. मी आईला म्हटलं, तसं केलं तर नाटक पुढं सरकायचं कसं? ती म्हणाली, ते त्यांना बघू दे.

सतरा सप्टेंबरला सकाळी झेंडा झाला आणि शाळेच्या पटांगणात नाटक सुरू झालं. पहिल्या रांगेत खुर्चीवर थोरले पाटील, मागं सतरंजीवर गाव, आणि सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, आमची वस्ती. आईनं त्या दिवशी रोज बुडवला होता. लढाया चांगल्या झाल्या. स्पेनच्या बँडनं दर हल्ल्याला वरातीची चाल वाजवली, कारण त्यांना तीच पाठ होती. लामा मात्र शहाण्यासारखे वागले. मग राजाचा हुकूम आला, बदली झाली, मास्तरांनी गव्हर्नरला शाल पांघरवली, नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी तर डोळे पुसत होती. माणूस चांगला होता, म्हणाली.

आणि पाटलांच्या नातवानं तलवार टेबलावर ठेवली.

मी उचलली नाही. घोड्यावरून उतरलेली सेनानी जशी उभी राहील तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. आधी लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. पडद्यामागून मास्तर माझं पुढचं वाक्य सांगायला लागले, हे माझ्या मातृभूमी, आज तू स्वतंत्र झालीस. मी ऐकलं आणि सोडून दिलं. ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं म्हणाले की पाटलांनासुद्धा ऐकू गेलं. गव्हर्नरच्या अंगावर लोकरीचा लाल कोट, वरून शाल, हातात नारळ, आणि सप्टेंबरचं ऊन. घाम नाकावरून गळत होता.

तो ओठ न हलवता म्हणाला, "घे ना. गरम होऊन राहिलं."

मी म्हटलं, "हातात दे."

माझा आवाज कालव्यापर्यंत जातो. पाटलांच्या नातवानं नारळ काखेत दाबला आणि खरंच तलवार उचलली. मी हात पुढं केला. आमच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. आणि मग त्यानं सवयीनं आजाकडं पाहिलं. पाटील फक्त खोकले.

त्यानं तलवार पुन्हा टेबलावर ठेवली. मी पुन्हा हात कमरेवर ठेवले. आता स्पेन जाईना आणि बोलिव्हिया स्वतंत्र होईना. बँडवाल्यांना वाटलं त्यांची वेळ आली, त्यांनी वरात सुरू केली. शेवटी मास्तरांनी माइक हातात घेतला आणि जे त्यांना सुचलं ते जाहीर केलं. "आता पंधरा मिनिटांचं मध्यंतर."

बुंदी वाटली. लोकांनी खाल्ली आणि घरी गेले. ते मध्यंतर कधी संपलंच नाही. पुढच्या वर्षापासून शाळेत सामूहिक कवायत सुरू झाली आणि मास्तरांनी स्वतःच बदली मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीप्रमाणं पाटलांकडं गेली. मला धाकधूक होती, कामावरून काढतील. काढलं नाही, मुगाची तोडणी चालू होती. चहा आला, ओट्याच्या कडेला ठेवला गेला. आईनं तो उचलला नाही. म्हणाली, मी चहा सोडला, पित्त होतं. तेव्हापासून तिनं पाटलांच्या घरी चहा घेतला नाही. आमच्या घरी ती दिवसाला चार कप प्यायची.

गावात मात्र ते मध्यंतर टिकून राहिलं. वीज गेली, रस्ता उखडला, रॉकेल आलं नाही, की शिंपी म्हणायचा, काय करता, अजून स्पेनचं राज्य आहे. पुढं हिंगोली वेगळा जिल्हा झाला, आम्ही परभणीतून सुटलो, एक गोळी न झाडता. तेव्हाही तो म्हणाला, सगळे सुटले, बोलिव्हिया राहिला. मी डी.एड. करून पुसेगावच्या शाळेत लागले. एकदा औंढ्याच्या बसस्टँडवर पाटलांचा नातू भेटला. मी देणारच होतो, म्हणाला, पण आजा खोकलला. मी म्हटलं, खोकल्यावर औषध मिळतं. तो हसला, आणि मला अजून राग आला. आपल्याला जे आठ वर्षं टोचत असतं, ते समोरच्याला हसण्यापुरतंच असतं.

त्यानंतर तो सरपंच झाला. आजानं केला. पाच वर्षांनी सरपंचपद आमच्या समाजाच्या बाईसाठी राखीव निघालं, आणि पारावर पुन्हा बैठक बसली. थोरल्या पाटलांनी बराच विचार करून आईचं नाव पुढं केलं. बाई गरीब आहे, बोलत न्हाई, शिक्का आपल्याच घरात राहील, असं त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं आणि ते संध्याकाळपर्यंत वस्तीत पोचलं. मी आईला म्हटलं, नको उभी राहू, हे तुला बाहुली करून नाचवतील. आई म्हणाली, उभी तर राहते, नाचायचं का ते मग बघू.

ती निवडून आली. कार्यभाराच्या दिवशी मी रजा टाकून गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबल, टेबलापलीकडं मावळता सरपंच, म्हणजे नातू, बाजूच्या खुर्चीवर थोरले पाटील, आता फार थकलेले, आणि दारात सगळं गाव. आईला कुणीतरी शाल दिली, श्रीफळ दिलं. भाषण झालं. मग नातवानं खिशातून पंचायतीचा शिक्का आणि कपाटाच्या किल्ल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. म्हणाला, घ्या सरपंचबाई.

आईनं घेतल्या नाहीत. पदर डोक्यावरून नीट केला आणि उभी राहिली. लोकांना वाटलं, लाजते आहे. ग्रामसेवकानं शिक्का टेबलावरून तिच्या दिशेनं थोडा सरकवला. ती बघत राहिली. मला एकदम पटांगणातलं ऊन आठवलं. एवढी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी हरले ती मी.

दारातून शिंप्याचा आवाज आला. "मध्यंतर संपलं वाटतं."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना आठवत होतं. नातवाचं तोंड लाल झालं. त्यानं शिक्का आणि किल्ल्या उचलल्या आणि सवयीनं आजाकडं पाहिलं. पाटील खोकले. आता त्यांना खोकला खराच होता, दमा लागला होता, त्यामुळं तो हुकूम होता का उबळ, हे नातवालाही कळलं नसावं. तो क्षणभर घुटमळला. मग टेबलाला वळसा घालून आला आणि दोन्ही हातांनी शिक्का आणि किल्ल्या आईच्या हातात दिल्या. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. काही झालं नाही, छत जागेवरच होतं.

बाहेर कुणीतरी बोलिव्हियाचा जयजयकार केला.

शिपायानं चहा आणला. रीतीप्रमाणं पहिला कप पाटलांचा. शिपाई तो टेबलाच्या कडेला ठेवायला गेला, तर आई म्हणाली, "ठेवू नको. इकडं दे." तिनं कप घेतला, पाटलांच्या खुर्चीपाशी गेली आणि त्यांच्यासमोर धरला. हातात, बशीसकट. "घ्या," म्हणाली.

पाटील कपाकडं बघत राहिले. आईचा हात हलला नाही. नातू भिंतीकडं बघत होता, या वेळी पाटलांसाठी खोकणारं कुणी नव्हतं. चहावर साय धरायला लागली, तेव्हा पाटलांनी हात पुढं केला.

मग आई टेबलामागच्या खुर्चीवर बसली, स्वतःचा कप घेतला आणि सगळा प्याली. पित्ताचं नाव काढलं नाही.